सत्तर तासांचा साठा आणि इतर आकडे: उंची घड्याळांच्या मशीनची तुलना

महागड्या यांत्रिक घड्याळाच्या माहितीपत्रकात तीन आकडे ठळक छापलेले असतात. ज्वेल (घर्षण कमी करायला बसवलेले माणकाचे खडे) किती, तासाला ठोके किती आणि कमान (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) पूर्ण भरल्यावर घड्याळ किती तास चालतं. मशीन चांगलं की सुमार, हे या तिघांवरून जवळजवळ कळत नाही. साध्या किल्लीच्या घड्याळाला १७ ज्वेल पुरतात. ऑटोमॅटिकमध्ये रोटरची (मनगटाच्या हालचालीने फिरून कमान भरणाऱ्या वजनाची) जास्तीची चाकं आली की आकडा पंचविशीच्या पुढे जातो, आणि त्याचा दर्जाशी फारसा संबंध नसतो. तासांचा साठा वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे बॅरलमध्ये (कमानीच्या डबीत) जास्त लांब कमान बसवायची आणि ठोके कमी करायचे. पॉवरमॅटिक ८० हे स्वस्त मशीन २८,८०० वरून २१,६०० ठोक्यांवर उतरून ८० तास चालतं. तेवढ्याने ते पटेक फिलिपच्या ४५ तासवाल्या मशीनपेक्षा वरचढ ठरत नाही.

खरी परीक्षा तीन ठिकाणी होते. कमान उतरत आल्यावर चाल किती बदलते, घड्याळ कुठल्याही कुशीवर ठेवलं तर किती बदलते, आणि काही वर्षांनी उघडल्यावर आत काय झिजलेलं सापडतं. पुढची तुलना याच तीन गोष्टींवर आहे. सौंदर्याचा मुद्दाही येईल, पण तो वेगळा ठेवलेला बरा, कारण झळाळत्या पुलाखाली (चाकांना वरून धरणाऱ्या पट्टीखाली) सामान्य चालीचं मशीन असू शकतं आणि उलटही.

आधी मोजायचं कसं

टायमिंग मशीनचा मायक्रोफोन ठोक्याचा आवाज ऐकतो आणि तीन गोष्टी दाखवतो: दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, ठोक्यांचा ताल ठरवणारं बॅलन्स चक्र किती अंशांपर्यंत झुलतं ते (अॅम्प्लिट्यूड), आणि टिक व टॉक यांच्या अंतरातला फरक (बीट एरर). मोजण्याआधी कमान पूर्ण भरायची. ऑटोमॅटिक घड्याळात क्राउनचे (किल्ली द्यायच्या घुंडीचे) ३० ते ४० फेरे द्यावे लागतात. त्यातली कमान शेवटी अडत नाही, बॅरलच्या भिंतीवर घसरते, त्यामुळे ती भरली हे हाताला कळत नाही. मग अर्धा तास थांबायचं, कारण नुकत्या भरलेल्या कमानीचा जोर पहिल्या काही मिनिटांत अवाजवी असतो. त्यानंतर सहा स्थितींत मोजायचं: डायल वर, डायल खाली आणि क्राउन चार दिशांना. प्रत्येक स्थितीत अर्धा मिनिट स्थिरावू द्यायचं, मग निदान एक मिनिटाची सरासरी घ्यायची. घड्याळ २४ तास न हलवता ठेवून हे सगळं पुन्हा करायचं. बहुतेक परीक्षणांत ही दुसरी फेरी गाळलेली असते, आणि कामाची माहिती नेमकी तिथेच असते.

सर्वांत जास्त फसगत होते ती लिफ्ट अँगलच्या (एका ठोक्यात बॅलन्सला ढकल मिळते तेवढ्या कोनाच्या) सेटिंगमध्ये. टायमिंग मशीन सहसा ५२ अंशांवर लावलेलं येतं. ईटीए या स्विस मशीन-कंपनीच्या आणि जुन्या रोलेक्सच्या मशीनला ते चालतं. ओमेगाच्या को-अॅक्सिअल मशीनला (त्याची रचना पुढे येईल) ३८ लागतात. सेटिंग तसंच राहिलं तर दिसणारी अॅम्प्लिट्यूड खऱ्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्त फुगते, आणि २७० अंशांचं निरोगी मशीन ३७० दाखवू लागतं. असा आकडा अशक्यच आहे, कारण साधारण ३३० च्या पुढे बॅलन्सचा खडा फिरून पॅलेट फोर्कवर (चाकांचा जोर बॅलन्सला पोचवणाऱ्या तरफेवर) मागून आपटतो. तसं खरंच होत असेल तर ठोक्यांत घोड्याच्या टापांसारखा अडखळता आवाज येतो आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं.

चांगल्या मशीनचे आकडे ढोबळमानाने असे: आडव्या स्थितीत २७० ते ३१०, उभ्या स्थितीत त्याहून २० ते ४० कमी, आणि २४ तासांनी उभ्यातही २०० च्या वर. बीट एरर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत असावा. उभ्या-आडव्यातला फरक ५० च्या पुढे गेला तर बॅलन्सच्या टोकांचं तेल वाळलंय किंवा टोकं झिजलीत. डायल वर आणि डायल खाली यांतच फरक दिसला तर दोनांपैकी एका टोकाचा माथा चपटा झालाय. सगळ्या स्थितींत अॅम्प्लिट्यूड कमी असेल तर दोष बहुधा खाली आहे, म्हणजे चाकांच्या साखळीत किंवा कमानीतच. अॅम्प्लिट्यूड ठीक असून घड्याळ अचानक मिनिटामिनिटाने पुढे जाऊ लागलं, तर पहिला संशय चुंबकाचा. हेअरस्प्रिंगचे (बॅलन्सला मागे-पुढे झुलवणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात, झुलणारी लांबी कमी होते आणि ठोके घाईने पडतात. डीमॅग्नेटायझरवर हे काही सेकंदांचं काम आहे. त्यासाठी कुणी पूर्ण सर्व्हिसिंग सुचवलं तर आधी चुंबकत्व काढून बघायला सांगा.

प्रमाणपत्रं काय सांगतात

कॉस्क या स्विस तपासणी संस्थेची चाचणी म्हणजे केसमध्ये न बसवलेलं नुसतं मशीन, १५ दिवस, पाच स्थिती, ८, २३ आणि ३८ अंश तापमान, आणि सरासरी चाल दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद. मर्यादा ढिली नाही, पण दर २४ तासांनी मशीनला पुन्हा किल्ली दिली जाते. भुकेल्या कमानीवर ते कसं चालतं हे या चाचणीत फारसं उघडं पडत नाही. रोलेक्सने २०१५ पासून स्वतःची, केसमध्ये बसवल्यानंतरची उणे-अधिक २ सेकंदांची अट लावली. पटेकने २००९ मध्ये जिनिव्हा सील (तिथल्या घड्याळांचा दर्जाशिक्का) सोडून स्वतःचं सील आणलं आणि त्यात उणे ३ ते अधिक २ ही मर्यादा ठेवली. ग्रँड सेइको सहा स्थितींत १७ दिवस तपासते आणि अधिक ५ ते उणे ३ सांगते.

यात उजवी आहे ती ओमेगा वापरते ती मेटासची (स्विस सरकारी मापन संस्थेची) चाचणी. ती कॉस्कनंतर, केसमध्ये बसवलेल्या घड्याळावर होते. त्यात १५,००० गॉसच्या चुंबकीय क्षेत्रातून घड्याळ काढतात, सहा स्थितींत मोजतात, आणि पूर्ण साठा व एक तृतीयांश साठा यांतला चालीचा फरकही तपासतात. निकाल ० ते अधिक ५ मध्ये यावा लागतो, म्हणजे घड्याळ मागे पडलेलं चालत नाही. हे महत्त्वाचं अशासाठी की पुढे गेलेलं घड्याळ क्राउन ओढून काही सेकंद थांबवलं की जुळतं. मागे पडलेल्याचा काटा पुढे ढकलून पुन्हा सगळं बसवावं लागतं.

रोलेक्स: ३१३५ आणि ३२३५

१९८८ सालचं ३१३५ हे दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने अजूनही नमुनेदार मशीन आहे. बॅलन्सवर दोन्ही बाजूंनी टेकलेला पूर्ण पूल, वर उचललेल्या शेवटच्या वेढ्याची हेअरस्प्रिंग, आणि चाल जुळवायला रेग्युलेटरच्या काट्याऐवजी चक्राच्या आतल्या अंगाला मायक्रोस्टेला नट. नट आत-बाहेर केले की चक्राचं जडत्व बदलतं आणि हेअरस्प्रिंगला हात लावावा लागत नाही. रेग्युलेटरच्या पिनांमध्ये हेअरस्प्रिंग किंचित खेळते आणि अॅम्प्लिट्यूड उतरली की त्या खेळामुळे चाल बदलते. अशा पिना नसलेल्या, म्हणजे फ्री-स्प्रंग, रचनेत हा त्रासच नाही. म्हणूनच उंची मशीनमध्ये ही रचना जवळजवळ सर्वत्र आली.

३१३५ चं दुखणं रोटरमध्ये आहे. त्याची आरी (फिरण्याचा दांडा) बॉल बेअरिंगऐवजी ज्वेलच्या छिद्रात फिरते. तेल वाळलं की आरी झिजते, रोटर खाली झुकतो आणि पुलावर घासू लागतो. मागचं झाकण उघडल्यावर गोलाकार चरे आणि राखाडी धातूची भुकटी दिसली तर निदान झालंच. आरी आणि ज्वेल दोन्ही बदलायचे. नुसती आरी बदलली तर झिजलेलं छिद्र नव्या आरीलाही खातं. शिवाय ती भुकटी सगळीकडे पसरलेली असते, म्हणून पूर्ण धुणं टाळता येत नाही.

३२३५ (२०१५) मध्ये रोटर बॉल बेअरिंगवर गेला, हा बदल फार आधी व्हायला हवा होता. साठा ४८ वरून ७० तासांवर नेताना बॅरलची भिंत पातळ करून जास्त लांबीची कमान बसवली आणि एस्केपमेंटची (चाकांचा जोर ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या यंत्रणेची) भूमिती बदलली. क्रोनर्जी हे नाव भारी असलं तरी मुळात ती स्विस लीव्हरच (बहुतेक यांत्रिक घड्याळांतली नेहमीची रचना) आहे. पॅलेटचे खडे निम्म्याने पातळ केले, एस्केप व्हील पोखरून हलकं केलं, आणि चाक व फोर्क निकेल-फॉस्फरसचे केले. कार्यक्षमता १५ टक्के वाढली असं कंपनी सांगते. मात्र मिळालेली बचत लांब साठ्यावर खर्च झाली, चाकांच्या साखळीतली गंगाजळी वाढली नाही. थोडं घर्षण वाढलं तरी झळ थेट बॅलन्सला लागते. वर्ष-दोन वर्षांत अॅम्प्लिट्यूड उतरून घड्याळ मागे पडू लागल्याच्या तक्रारी या मशीनच्या मालकांकडून जाहीरपणे येत आल्या आहेत. सगळीच घड्याळं तशी वागतात असा याचा अर्थ नाही, पण वापरलेलं ३२३५ घेताना २४ तासांनंतरच्या उभ्या स्थितीचे आकडे मागणं वाजवी आहे. ३१३५ च्या बाबतीत एवढी चौकशी करावी लागत नाही.

ओमेगा ८८०० आणि ८९००

इंग्लिश घड्याळजी जॉर्ज डॅनियल्स यांची को-अॅक्सिअल एस्केपमेंट ओमेगाने १९९९ मध्ये बाजारात आणली. सुरुवातीच्या २५०० या कॅलिबरचा (मशीनच्या मॉडेलचा) पाया ईटीए २८९२ होता. मुळात दुसऱ्या एस्केपमेंटसाठी आखलेल्या घरात हा पाहुणा बसवलेला, त्यामुळे सुरुवातीच्या आवृत्त्या हट्टी निघाल्या आणि ठोके २८,८०० वरून २५,२०० वर आणावे लागले. तिच्यासाठीच आखलेलं घर २००७ च्या ८५०० पासून मिळालं. ८८०० आणि ८९०० ही त्याच घराण्यातली.

स्विस लीव्हरमध्ये एस्केप व्हीलचा दात पॅलेटच्या उतारावरून घसरत जातो आणि घसरताना जोर देतो. तिथे तेल लागतंच, आणि तेच तेल सर्वांत आधी वाळतं. को-अॅक्सिअलमध्ये फोर्कवर तीन खडे आणि बॅलन्सच्या रोलरवर चौथा असतो. इथे दात घसरत नाही, जवळजवळ सरळ ढकलतो. तेलाची गरज संपत नाही, पण तेल खराब झाल्याची किंमत कमी मोजावी लागते. तोटा असा की खोलीचं समायोजन फार काटेकोर लागतं. दातांचा शिरकाव थोडा चुकला तरी मशीन अडखळतं. ज्याने को-अॅक्सिअल हाताळलेली नाही अशा कारागिराकडे हे मशीन नेऊ नये.

सिलिकॉनची हेअरस्प्रिंग हे या मशीनचं दुसरं बळ. चुंबकाला प्रतिसाद नाही, गंज नाही, वजन नगण्य. ज्या घड्याळावर नुसतं ‘अँटिमॅग्नेटिक’ लिहिलेलं असतं त्याची आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान कसोटी अवघी ६० गॉसची आहे. पर्सच्या चुंबकी बटणाला किंवा टॅब्लेटच्या कव्हरला चिकटलं की ती ओलांडली जाते. इथे १५,००० गॉस पुरून उरतात. सिलिकॉनची दुसरी बाजू: ही हेअरस्प्रिंग चिमट्याने वाकवून सुधारता येत नाही, वाकवली तर तुटते. दोष आला की हेअरस्प्रिंगसकट बॅलन्स बदलायचा, आणि तो भाग कंपनीकडूनच येणार.

दोघांत निवड करताना साठ्याकडे बघू नका, ५५ आणि ६० तासांत काही अंतर नाही. फरक क्राउनमध्ये आहे. ८८०० ला तारखेचं क्विकसेट (काटे न फिरवता तारीख बदलायची सोय) आहे. ८९०० मध्ये क्राउनच्या पहिल्या खटक्यावर तासकाटा एकेक तास उडी मारतो आणि तारीख त्याच्यासोबतच बदलते. प्रवासात हे सोन्याहून पिवळं, कारण मिनिटं-सेकंद न हलवता वेळ बदलते. पण घड्याळ पंधरा दिवस बंद पडलं असेल तर पंधरा तारखांसाठी काट्याला तीस फेरे मारावे लागतात. अनेक घड्याळं आलटून पालटून वापरणाऱ्याला ८८०० बरं.

ग्रँड सेइको ९एसए५

ठोके वाढवले की चाल बाहेरच्या धक्क्यांना कमी बधते, हे खरं. पण तोच बॅलन्स, तेवढीच अॅम्प्लिट्यूड ठेवून ठोके दुप्पट केले तर लागणारी शक्ती ढोबळमानाने आठपट होते. म्हणून ३६,००० ठोक्यांच्या मशीनमध्ये चक्र लहान करावं लागतं किंवा साठा गमवावा लागतो. आधीच्या ९एस८५ चा साठा ५५ तास होता. २०२० च्या ९एसए५ ने ३६,००० ठोक्यांवर ८० तास दिले.

हे जमलं एस्केपमेंटमुळे. एका ठोक्याला एस्केप व्हील बॅलन्सला थेट ढकलतं, दुसऱ्या ठोक्याला पॅलेटमार्फत. थेट ढकलण्यात मधला दलाल नसतो, म्हणून गळती कमी. जोडीला दोन बॅरल, वर उचललेल्या वेढ्याची फ्री-स्प्रंग हेअरस्प्रिंग आणि बॅलन्सवर पूर्ण पूल. चाकांची साखळी आडवी पसरल्यामुळे मशीन आधीच्या हाय-बीटपेक्षा (३६,००० ठोक्यांच्या मशीनपेक्षा) सुमारे १५ टक्के पातळ झालं. या परीक्षणातल्या तीन-काटी मशीनमध्ये अभियांत्रिकीचा सर्वांत धाडसी नमुना हाच आहे. फ्री-स्प्रंग असूनही जाहीर मर्यादा अधिक ५ ते उणे ३ एवढी सैल का ठेवली, हे मात्र खटकतं. एवढं सामर्थ्य असलेल्या यंत्राने छातीठोक आकडा द्यायला हवा होता.

इथेच ग्रँड सेइकोच्याच स्प्रिंग ड्राइव्हचं नाव निघतं. कमान आणि चाकं तीच, पण एस्केपमेंटऐवजी सेकंदाला आठ फेरे घेणारं ग्लाइड व्हील, आणि त्याला क्वार्ट्झच्या तालावर लागणारा चुंबकी ब्रेक. ९आर६५ महिन्याला १५ सेकंदांच्या आत राहतं. कुठल्याही लीव्हर मशीनने त्याच्याशी स्पर्धा करू नये. म्हणूनच ते या तुलनेत बसत नाही.

पातळ मशीनची गोष्ट निराळी

जेगर-लकूल्त्रचं ९२० हे मशीन १९६७ चं. ऑडेमार्स पिगेने ते २१२० आणि तारखेसह २१२१ म्हणून वापरलं, वाशेरॉन कॉन्स्तॉन्तँने ११२० म्हणून, पटेकने २८-२५५ म्हणून. १९७२ चं रॉयल ओक, १९७६ चं नॉटिलस आणि १९७७ चं वाशेरॉनचं २२२ ही तिन्ही घड्याळं याच मशीनवर उभी राहिली. ज्यांनी ते बनवलं त्या जेगर-लकूल्त्रने स्वतःच्या घड्याळात ते कधी बसवलंच नाही.

तारखेशिवाय जाडी २.४५ मिमी, आणि तरी रोटर पूर्ण आकाराचा. एवढ्या पातळ जागेत मधल्या आरीवर रोटर तोलला तर तो कडेला झुकून घासणार, म्हणून कडेच्या कड्याखाली माणकांची चार छोटी चाकं बसवून त्यावर तो फिरवला. कल्पना अजोड आहे. पण या चाकांखाली धूळ किंवा घट्ट झालेलं तेल जमलं की रोटर सुस्तावतो आणि घड्याळ मनगटावर असूनही पूर्ण भरत नाही. मालकाला वाटतं की घड्याळ मागे पडतंय, खरं तर ते उपाशी असतं. हाताने पूर्ण किल्ली देऊन एक दिवस बघा. चाल सुधारली तर दोष रोटरच्या बाजूला आहे. तासाला १९,८०० ठोके, सेकंदकाटा नाही, तारखेचं क्विकसेट नाही.

२०२२ चं ७१२१ हे त्याचं उत्तराधिकारी. जाडी ३.२ मिमी, २८,८०० ठोके, ५५ तास, क्विकसेट. रोज वापरायला हेच चांगलं, यात वाद नको. जुन्याची चाल टिकवायला सवड आणि कसबी कारागीर दोन्ही लागतात. तरी पातळपणातली कारागिरी बघायची असेल तर भिंगाखाली २१२१ च ठेवावं.

पटेकचं २६-३३० (२०१९) याच जाडीच्या आसपासचं, ३.३ मिमी. आधीच्या ३२४ मध्ये क्राउन ओढल्यावर सेकंदकाटा थांबत नव्हता, तो इथे थांबतो. शिवाय सेकंदकाट्याची बारीक थरथर घालवण्यासाठी तिसरं चाक लिगा पद्धतीने (धातू सूक्ष्म साच्यात थरांनी वाढवून), फटीत स्वतःच दाब ठेवणाऱ्या दातांचं केलंय. जायरोमॅक्स चक्रावर फिरवता येणारी वजनं आहेत. इथल्या सिलिकॉन हेअरस्प्रिंगला वर उचललेला वेढा नाही, म्हणून तिचं बाहेरचं टोक जाड करून तोच परिणाम साधलाय. सगळं नेटकं, हलकं आणि हुशार. पण ३५ ते ४५ तासांचा साठा या किमतीच्या वर्गात तोकडा आहे. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेलं घड्याळ रविवारी बंद सापडतं. पातळपणासाठी मोजलेली ही किंमत आहे, आणि ती सगळ्यांना परवडेल असं नाही.

दिखाऊ काम कुठलं, उपयोगी कुठलं

लांगेचं एल१२१.१ (२०१५ चं लांगे १) उघडून बघितलं की आधीच्या मशीन कारखान्यातल्या वाटतात. ३६८ भाग, ४३ ज्वेल, त्यांतले ८ सोन्याच्या कोंदणात स्क्रूंनी बसवलेले, बॅलन्सच्या पुलावर हाताने केलेलं कोरीवकाम. दोन बॅरल, ७२ तास, २१,६०० ठोके. पूल आणि प्लेट जर्मन सिल्व्हरच्या, त्यावर मुलामा नाही. हा धातू बोटाचा ठसासुद्धा धरतो. म्हणून मशीन दोनदा जोडतात: एकदा सगळं बसवून समायोजन करायचं, मग उघडून, सजवून, धुऊन पुन्हा जोडायचं. दुरुस्तीत हीच अडचण होते. तीन-चतुर्थांश प्लेट एकच असल्याने अनेक आरींची टोकं एकाच वेळी छिद्रांत बसवावी लागतात. घाईचा हात असेल तर एखादं टोक वाकतं.

दहापट भिंगातून सजावट तपासायची तर आधी आतले कोपरे बघा. दोन तिरप्या कडा आत वळून जिथे मिळतात तो कोपरा टोकदार हवा. यंत्राचं फिरतं पातं तिथे गोलाई सोडतं, टोक फक्त हाताने निघतं. दुसरं, स्क्रूचे माथे: घड्याळ हलकेच कलतं केल्यावर माथा एकदम काळा आणि दुसऱ्याच कोनात एकदम पांढरा दिसावा. मध्ये करडी छटा आली तर ते साधं पॉलिश. तिसरं, झाकणाखालच्या न दिसणाऱ्या जागा. तिथे पर्लाजचे (एकमेकांवर चढणाऱ्या घासलेल्या वर्तुळांच्या नक्षीचे) गोल एकसारख्या अंतरावर आहेत की कडेला विस्कटलेत, यावरून कारखान्याची नियत कळते.

यातल्या कशानेच घड्याळ अधिक अचूक होत नाही. अचूकतेला उपयोगी पॉलिश डोळ्यांना दिसत नाही: बॅलन्सच्या टोकांचं, चाकांच्या दातांचं, पॅलेटच्या खड्यांच्या पृष्ठांचं. तिथे रोलेक्सचा कारखाना कुणाहून कमी नाही, मग त्याचे पूल कितीही साधे दिसोत.

टूरबिलॉनला (बॅलन्स आणि एस्केपमेंट सतत फिरवत ठेवणाऱ्या पिंजऱ्याला) एकच परिच्छेद पुरे. ब्रेगेचं पेटंट १८०१ चं, खिशात दिवसभर उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी. मनगट स्वतःच दिवसभर दिशा बदलत असतं, त्यामुळे स्थितीची चूक आपोआप बरीच सरासरीत जाते. कारागिरी म्हणून घ्या, अचूकतेसाठी नको.

क्रोनोग्राफ

क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. इथे मशीनमधले फरक बोटाला जाणवतात. स्टॉपवॉच चाकांना जोडणारे क्लच दोन प्रकारचे. आडव्या क्लचमध्ये सतत फिरणारं एक चाक बाजूने सरकून क्रोनोग्राफच्या चाकाला भिडतं. लांगेचं डाटोग्राफ (१९९९), पटेकचं सीएच २९-५३५ (२००९), झेनिथचं एल प्रिमेरो (१९६९) आणि ओमेगाचं ३८६१ या पंक्तीतले. दिसायला हीच रचना देखणी. पण दात दातावर पडले की सेकंदकाटा सुरुवातीला पुढे किंवा मागे उडी मारतो, आणि भार वाढल्याने अॅम्प्लिट्यूड २० ते ४० अंशांनी उतरते. त्यामुळे असा क्रोनोग्राफ कायम चालू ठेवू नये. पटेकने दातांचा आकार बदलून उडी बरीच आवरली आहे.

व्हर्टिकल क्लचमध्ये दोन तबकड्या एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात. काटा उडी न मारता निघतो आणि अॅम्प्लिट्यूड जवळजवळ हलत नाही. रोलेक्सचं ४१३० (२०००) याचं उत्तम उदाहरण: ७२ तास, कॉलम व्हील (बटणांचे हुकूम पोचवणारं खांबांचं चाक), थोडे भाग, सुटसुटीत मांडणी. त्याआधी १९८८ पासून रोलेक्स एल प्रिमेरोच वापरत होती, ठोके ३६,००० वरून २८,८०० वर आणून. व्हर्टिकल क्लचची अडचण अशी की तो एकावर एक रचलेला बंद जोड असतो. आतलं तेल वाळलं की काटा सुरू होताना घुटमळतो, आणि अनेक मशीनमध्ये अख्खा जोडच बदलावा लागतो.

कॅम (त्याच कामाची खाचेदार पट्टी) की कॉलम व्हील, हा वाद जरा जास्तच रंगवला जातो. कॉलम व्हीलचं बटण मऊ आणि एकसारखं दबतं, कॅमला सुरुवातीला जोर लागतो. ३८६१ कॅमवर चालतं आणि त्याची वेळ मोजण्याची अचूकता त्यामुळे कमी होत नाही.

तपासताना क्रोनोग्राफ वीस वेळा सुरू करा आणि पहिल्या सेकंदात काटा काय करतो ते भिंगातून बघा. एखादी बारीक उडी आडव्या क्लचमध्ये माफ, दर वेळी येणारी उडी म्हणजे शिरकाव चुकलेला. शून्यावर आणल्यावर काटा दर वेळी एकाच जागी थांबला पाहिजे. रोज वेगवेगळ्या जागी थांबत असेल तर काटा आरीवर सैल झालाय किंवा हातोड्याचा पृष्ठभाग झिजलाय. ठरावीक अंतराने नेहमी डावीकडेच थांबत असेल तर काटा फक्त चुकीच्या कोनात बसवलाय, आणि ते दहा मिनिटांचं काम आहे. मग मिनिटांच्या डायलकडे या: डाटोग्राफमध्ये मिनिटकाटा नेमक्या साठाव्या सेकंदाला टुणकन उडतो, ४१३० मध्ये तो हळूहळू सरकत राहतो. उडी मारणाऱ्या मशीनमध्ये अठ्ठावन्नाव्या सेकंदाला मिनिट बदललं, किंवा बासष्टाव्यापर्यंत रेंगाळलं, तर उडवणारी बोटकमान पुन्हा जुळवून घ्यावी लागते, आणि ते काम त्या मशीनची सवय असलेल्या हातालाच द्यावं.